मनमाडपलीकडचे न्यायासन

न्यायालयाने कोणता निवाडा दिला याची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. परंतु ते न्यायालय कोणत्या गावी बसते, हा प्रश्न मात्र इमारत, खुर्च्या आणि कारकुनांच्या नेमणुका यांच्या पंक्तीला बसवून बांधकाम खात्याच्या अखत्यारीतला समजला जातो. ही बेफिकिरी मुंबईकराला शोभते, पुणेकराला फार तर अर्धीमुर्धी परवडते. मराठवाड्यातील माणसाला ती कधीच परवडलेली नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खंडपीठाचा जन्म हा स्वतःच एक घटनात्मक तंटा होता, आणि तो तंटा पक्षकार व सरकार यांच्यापुरता न राहता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचेच उच्च न्यायालय यांच्यात येऊन उभा राहिला.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचा अंमल संपला तरी या मुलखाची अपिले पुढची आठ वर्षे हैदराबादलाच, मुसी नदीच्या काठी चालत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात दाखल झाले, आणि हैदराबादची वाट बंद होऊन मुंबईची वाट सुरू झाली. त्याच दिवसापासून मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मधील तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेऊन नागपूर आणि राजकोट येथे न्यायाधीश बसविले. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते, राजकोटला सौराष्ट्राचे होते. ज्यांच्याकडून काही काढून घेतले जात होते त्यांची भरपाई झाली. औरंगाबादकडून काढून घेण्यासारखे तेथे काहीच नव्हते, म्हणून त्याला काही मिळालेही नाही. राजकारणात अनेकदा असेच घडते: ज्याच्यापाशी गमावण्यासारखे असते त्याची समजूत काढली जाते, आणि जो रित्या हाताने व विनाअट येतो त्याचे कौतुक करून त्याला रांगेच्या शेवटी उभे करतात.

त्या रांगेचा अर्थ काय होता, हे परभणीच्या एखाद्या कुळाच्या नजरेने पाहावे. त्याचा वाद १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याखाली. कागद बहुशः उर्दूत. तहसील कचेरीपासून सुरू झालेले प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले, म्हणजे कागदांचा बस्ता काखोटीला मारून त्याने काचीगुड्याहून येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत बसायचे, मनमाडला उतरून रुळांची रुंदी बदलली म्हणून गाडीही बदलायची, आणि मुंबईत पोचल्यावर आपला कायदा ज्यांच्या रोजच्या वहिवाटीतला नाही अशा वकिलापुढे तो बस्ता सोडायचा. त्यातून त्या दिवशी प्रकरण तहकूब झाले, तर हाच प्रवास उलट्या दिशेने करून पुढच्या तारखेला तो पुन्हा नव्याने आरंभायचा. मुंबईतील ज्येष्ठ वकील मंडळी न्यायालयाची एकात्मता, मुख्य पीठाची परंपरा, वकीलवर्गाचा दर्जा यांविषयी जे बोलत, त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु त्या दर्जाची किंमत मनमाडच्या फलाटावर रात्र काढणारा माणूस मोजत होता, एवढी गोष्ट त्या युक्तिवादांत क्वचितच येई.

मार्च १९७८ मध्ये विधानसभेने ठराव केला. मूळ मागणी औरंगाबादची होती; दुरुस्तीने तिला पुणे जोडले गेले, आणि दोन्ही ठिकाणी कायम खंडपीठे स्थापावीत अशी विनंती राष्ट्रपतींना करण्याची शिफारस झाली. (मागणीला सोबतीण जोडून तिचे वजन वाढवायचे की तिची चाल मंद करायची, हे विधिमंडळाच्या गणितात जोडणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असते.) कायम खंडपीठाचा अधिकार दुसऱ्या पोटकलमाखाली राष्ट्रपतींचा, म्हणजे व्यवहारतः केंद्र सरकारचा, आणि दिल्लीत प्रकरण पडून राहिले. अखेर १९८१ च्या जून महिन्यात राज्य सरकारने दुसरा दरवाजा ठोठावला: केंद्राच्या निर्णयाला अवधी लागेल, तोवर मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने तिसऱ्या पोटकलमाखाली औरंगाबादेत न्यायाधीश बसवावेत. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी ही सूचना मान्य केली, आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून मराठवाड्याच्या जिल्ह्यांची प्रकरणे औरंगाबादेत ऐकली जाऊ लागली.

लगोलग आव्हान आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा हुकूम रद्दबातल ठरविला. त्यामागचे तर्कशास्त्र वरवर पाहता भक्कम होते. कलम ५१ हे १९५६ च्या संक्रमणापुरते होते, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याचे आयुष्य सरले. शिवाय न्यायाधीशांनी ‘इतरत्र बसावे’ ही मुभा आणि ठरावीक जिल्ह्यांसाठी जणू कायमचे पीठ उभारणे या भिन्न गोष्टी असून दुसरी राष्ट्रपतींवाचून होऊ शकत नाही. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ या १९८२ मधील निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी हे दोन्ही मुद्दे नाकारले. कलम जिवंत आहे, तिसरे पोटकलम दुसऱ्याचे अंकित नाही, आणि न्यायाधीशांनी कोठे बसावे हे ठरविण्याचा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार स्वतंत्र आहे, असा त्याचा निष्कर्ष. मला हा निवाडा बरोबर वाटतो. तथापि इतका मोठा अधिकार एका व्यक्तीच्या विवेकावर सोपविण्याची जोखीम त्यात आहे, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

येथे अमेरिकेची आठवण अपरिहार्य आहे. १८०१ च्या फेब्रुवारीत, सत्ता सोडण्याच्या बेतात असलेल्या ॲडम्सच्या पक्षाने नवी मंडल-न्यायालये आणि सोळा न्यायाधीशांच्या जागा निर्माण केल्या. पुढच्याच वर्षी जेफरसनच्या अनुयायांनी तो कायदा रद्द करून त्या न्यायाधीशांच्या पायांखालची न्यायालयेच काढून घेतली, आणि आव्हान लगेच उभे राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे सत्रही पुढे ढकलले. फेब्रुवारी १८०३ मध्ये तेथील सरन्यायाधीश मार्शल यांनी मार्बरीच्या प्रकरणात न्यायिक पुनर्विलोकनाचा जो प्रसिद्ध दावा मांडला, त्याची कीर्ती जगभर झाली. त्यानंतर आठवड्याभरात त्याच न्यायालयाने जेफरसनपक्षाने केलेले ते रद्दीकरण निमूटपणे वैध ठरविले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तिकडे प्रत्यक्ष न्यायालये घडविण्या-मोडण्यावरून पक्ष झुंजले. आपल्याकडे पक्षांमध्ये या विषयावर वैर नव्हते, दिरंगाई होती. आणि दिरंगाईवर कोणत्याही न्यायालयात सहसा दाद मागता येत नाही.

औरंगाबादचे पीठ ज्यांच्या कारकिर्दीत आले त्या मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या नशिबाचा योगायोग मोठा विलक्षण. पीठ सुरू होऊन पाच महिने होतात न होतात तोच, १२ जानेवारी १९८२ रोजी, न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट प्रकरणात त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला आणि मुख्यमंत्रिपद गेले. न्यायासन मागताना राज्यकर्त्याच्या मनात ते धरण किंवा महाविद्यालय यांच्यासारखे, मुलखाला दिलेले एक दान असते. पण ते एकदा बसले की दात्यालाही त्याच्यापुढे कैफियत द्यावी लागते.

२७ ऑगस्ट १९८४ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने पीठ कायम झाले. पुढे अहमदनगर आणि खानदेशचे जिल्हे जोडले जाऊन आज बारा जिल्ह्यांचा इलाखा त्याच्याकडे आहे. जालना रस्त्यावरच्या आवारात सकाळी नांदेड-लातूरच्या रात्रगाडीतून उतरलेली माणसे ‘मॅटर बोर्डावर आली का?’ एवढेच विचारत असतात. पण त्या बोर्डावर अधूनमधून सबंध देशाचे राजकारणही लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये माजलगावच्या नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनाला आडवा येणारा बीडच्या प्रशासनाचा हुकूम न्या. नलावडे व न्या. सेवलीकर यांनी रद्द केला, आणि एखाद्या कायद्याला विरोध करणाऱ्यांना केवळ तेवढ्यासाठी देशद्रोही म्हणता येत नाही असे सांगितले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला तबलिगी जमातीच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना न्या. नलावडे यांनी सरकार आणि प्रसारमाध्यमे या दोघांवरही कठोर ताशेरे ओढले, न्या. सेवलीकर यांनी निकालाला संमती दिली, पण सहकाऱ्याची काही निरीक्षणे आपली नाहीत अशी नोंद केली. जोडीच्या न्यायासनावर असा मतभेद प्रांजळपणे कागदावर यावा, हे मला त्या पीठाच्या प्रकृतीचे लक्षण वाटते.

या शहराच्या नावाचा खटला मात्र मुंबईत चालला. १९९५ ची मसुदा अधिसूचना आव्हानात सापडून २००१ मध्ये सरकारने मागे घेतली होती. २०२२ मध्ये एका मंत्रिमंडळाने जाता जाता आणि दुसऱ्याने येता येता नाव बदलले, आणि ८ मे २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय व न्या. आरिफ डॉक्टर यांनी त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला न्यायाधीश बसू लागले ते पुन्हा त्याच तिसऱ्या पोटकलमाच्या आधारे. सहा जिल्ह्यांच्या या पीठाचे उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी केले, आणि कोल्हापूरच्या वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चालविलेल्या आंदोलनाचे चीज झाले. १९७८ च्या ठरावात ज्याचे नाव औरंगाबादच्या शेजारी लिहिले गेले होते, त्या पुण्याचा पक्षकार अद्याप सकाळची गाडी धरून मुंबईला जातो.