वायू लिटरवर नव्हे, किलोवर!

सांगली - सीएनजी भरून निघालेल्या रिक्षाचालकाच्या हाती पडणारी पावती किलोची असते. पेट्रोल मात्र लिटरने मिळते. हा फरक का, याचे उत्तर वायूच्या स्वभावात आहे.

वायू दाबाने आक्रसतो, उष्णतेने प्रसरण पावतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील सांगलीतील एक लिटर हवा आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरची एक लिटर हवा यांची तुलना केली, तर तापमान सारखे असूनही महाबळेश्वरच्या हवेचे वस्तुमान सुमारे ९ टक्के कमी भरते. माप तेच, माल कमी! म्हणूनच वायूचे वस्तुमान थेट मोजणारी उपकरणे विकसित करावी लागली.

त्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात तापलेल्या तारेवरून वायू वाहतो. प्रवाह जितका अधिक, तितकी तार लवकर थंड होते. यामागील गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले. दुसरा प्रकार फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारित आहे. कंप पावणाऱ्या वाकड्या नळीतून वायू गेला, की नळीला सूक्ष्म पीळ पडतो. तिच्या दोन्ही बाजूंच्या कंपनांतील वेळेच्या फरकावरून वस्तुमान कळते. सीएनजी पंपांवर सामान्यतः हेच मीटर असतात.

शहरी गॅस वितरणासाठी २०१८ च्या नवव्या फेरीत सातारा व सांगली जिल्ह्यांचे मिळून एकच क्षेत्र ठरले. त्याच वर्षी केंद्राची ‘सतत’ ही बायोगॅस योजना आली. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून बायोगॅस तयार होतो. त्यामुळे या ऊसपट्ट्यात अचूक मापनाला विशेष महत्त्व आहे.

येथे एक अडचण आहे. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलते आणि त्यामुळे तापलेल्या तारेचे मीटर चकू शकते. कोरिऑलिस मीटर वस्तुमान अचूक सांगतो. पण त्यात जळणारा वायू किती, हे सांगत नाही. आकारमानाने ६० टक्के मिथेन असलेल्या बायोगॅसमध्ये वजनाने मिथेन जेमतेम ३५ टक्के असतो. त्यामुळे वजनासोबत शुद्धताही तपासावी लागते.

मीटर कितीही उत्तम असला, तरी त्याची नियमित पडताळणी आवश्यकच. ग्राहकानेही आकडा शून्यावरून सुरू होतो का आणि यंत्रावर वैधमापन यंत्रणेचे मुद्रांकन आहे का, हे पाहावे. मोजलेल्या प्रत्येक किलोचे पैसे अखेर त्याच्याच खिशातून जातात.