जहाजाच्या मॉडेलखालचं पाणी : रेझिन ओतायच्या आधी हिशोब करा

जहाजाची मॉडेल्स बनवून विकणारे मला एकच प्रश्न सारखा विचारतात. "मॅडम, पाण्यासाठी रेझिन कुठलं घेऊ?" माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण मी म्हणते, बहुतेक ऑर्डरींना रेझिन घेऊच नका.

भर समुद्रात बोटीवरून खाली बघा. तळ दिसतो का? दिसतो तो फक्त रंग, लाटांचा आकार आणि वरची चमक. रेझिनचा खरा गुण म्हणजे आरपार दिसणं. मालवणच्या किनाऱ्याला उथळ पाण्यात नांगरलेली होडी, खाली वाळू आणि खडक, असं दृश्य असेल तर रेझिनला तोड नाही. पण मराठा आरमारातलं शिडं फुगवलेलं गलबत खोल पाण्यात दाखवायचंय, तर त्या पारदर्शकपणाचे पैसे गिऱ्हाईक तुम्हाला का देईल?

आता आकडे बघा. 30 बाय 20 सेंमीचा बेस आणि पाण्याची जाडी फक्त 1 सेंमी धरली, तरी 600 मिली रेझिन लागतं (हार्डनर धरून). तुमच्या गावातल्या भावाने गुणून बघा, मग कळेल नफा कुठे मुरतोय. शिवाय एकदम जाड ओतलं की ते तापतं, कधी तडकतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे वर पांढुरकी, चिकट साय धरते. हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच, घरात लहान मुलं असतील तर आणखी जपा.

मग करायचं काय? एमडीएफच्या तुकड्यावर फोम किंवा थर्माकोलची शीट चिकटवा आणि जहाजाच्या तळाच्या मापाचा खड्डा कापा. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून ब्रशने लावा, वर टिश्यू पेपर टाका आणि ओल्या ब्रशने ढकलत सुरकुत्या पाडा. त्याच तुमच्या लाटा! रात्रभर वाळू द्या. थर्माकोलवर स्प्रे पेंट मात्र चुकूनही मारू नका, ते विरघळतं. अ‍ॅक्रिलिक रंग हातानेच लावा.

डबीतला निळा रंग थेट लावला की समुद्राचा स्विमिंग पूल होतो. गडद निळ्यात हिरवा आणि किंचित तपकिरी मिसळा, लाटांच्या माथ्याकडे थोडं हिरवट, फिकं करत या. पांढरा सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने, आणि वाटतो त्याच्या निम्माच. वरून ग्लॉस व्हार्निशचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. खरं पाणी इथे तयार होतं, आधीच्या टप्प्यात ते रंगवलेला कागदच दिसतं, म्हणून मध्येच निराश होऊ नका.

माल स्वस्त वाटतो की भारी, हे ठरतं जहाज आणि पाणी यांच्यामधल्या फटीवर. फट दिसली की जहाज खेळण्यासारखं "ठेवलेलं" वाटतं. जहाजाला खालून पातळ क्लिंग फिल्म गुंडाळा, खड्ड्याच्या कडेने अ‍ॅक्रिलिक जेल लावा आणि ते ओलं असतानाच जहाज बसवा. जेल वाळल्यावर जहाज उचला, फिल्म काढा, परत बसवा. राहिलेली बारीक फट जेलनेच भरा.

मॉडेल घेणाऱ्यांत नेव्हीतले, मर्चंट नेव्हीतले लोक असतात, आणि त्यांची नजर फार वाईट! 1:100 स्केलला 1 सेंमीची लाट म्हणजे खऱ्या समुद्रात 1 मीटर. तुम्ही 5 सेंमीची उसळवलीत तर ते 5 मीटरचं वादळ झालं, मग त्यात सगळी शिडं उघडून कोण जाईल? नांगरलेल्या जहाजामागे फेसाचा पट्टा नसतो. चालत्या जहाजामागे लाटांचा व्ही आकार साधारण 39 अंशांत पसरतो, त्यापेक्षा फार रुंद काढू नका. आणि वारा मागून येत असेल तर निशाण पुढच्या दिशेला फडकतं. हे निशाण उलटं लावलेली मॉडेल्स मी प्रदर्शनात कितीतरी बघते.

किंमत लावताना वाळण्याचे तास मजुरीत धरू नका, पण हात चालतो तो प्रत्येक तास धरा. म्हणूनच बेस एकेक न करता पाच एकदम करा. पहिल्याचा टिश्यू वाळेपर्यंत पाचव्याला लावून होतो.

पाठवायची घाई मात्र नको. व्हार्निश हाताला कोरडं लागलं तरी आतून मऊ असू शकतं, आणि लगेच बबल रॅप गुंडाळलं तर समुद्रावर गोल गोल ठसे उमटतात. आठवडाभर उघडं ठेवा, मग आधी बटर पेपर आणि त्यावर बबल रॅप.