कालवांचं गोत्र

बीजोत्पादन केंद्राच्या हौदात दहा नर आणि दहा माद्या सोडल्या. दोन-तीन आठवड्यांनी लाखो पिल्लं, म्हणजे कालवांचं ‘बीज’, तळाला चिकटू लागलं. नोंदवहीत पालक वीस. प्रत्यक्षात आई-बाप किती?

मूळ जपानकडच्या पॅसिफिक कालवाची मादी एका वेळी कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. नरही शुक्रजंतू पाण्यातच सोडतात. फलन तिथेच होतं. जन्मलेला जीव वाळूच्या कणाहून बारीक, त्यावर बाहेरून खूण कशी करणार? ती आतच शोधावी लागते.

डीएनएवर काही जागी मोजक्या अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. या जागा म्हणजे मायक्रोसॅटेलाइट. तुकडा किती वेळा आला, त्यावर त्या जागेची लांबी ठरते. पिल्लाला एक लांबी आईकडून मिळते, एक बापाकडून. समजा, पिल्लात १४२ आणि १५० आहेत, आईत १४२ आणि १४६. म्हणजे १५० बापाकडची. ज्या नरांत ती नाही, ते वगळायचे. अशा अनेक जागा ताडल्या की बहुधा एकच जोडी उरते.

कालवांत एक मेख आहे. काही प्रती चाचणीत उमटतच नाहीत आणि खरा बापही परका ठरतो. म्हणून एकाच जागेच्या विसंगतीवरून कुणाला बाद करत नाहीत.

फ्रान्समध्ये पिएर बुद्री आणि सहकाऱ्यांनी २००२ साली याच खुणांनी दाखवलं, की पालकांचा वाटा कमालीचा विषम असतो. अंड्या-शुक्रजंतूंची प्रत, त्यांचं जुळणं, पिल्लांची तग धरण्याची ताकद, सगळ्यांतच फरक पडतो. समजा, दहा माद्यांचा वाटा सारखा, पण बाप एकच. तर वंशशास्त्राच्या हिशेबात वीस पालकांची ‘प्रभावी संख्या’ चारसुद्धा भरत नाही. पुढच्या पिढीत भावंडांचाच संकर होतो आणि वाढ खुंटते, मरतूक वाढते.

२००८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर विषाणूमुळे कोवळी कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. या विषाणूपुढे काही कुळं तगतात, काही जवळजवळ नष्ट होतात. तगणारी कुळं निवडायची, तर कोण कुणाचं हे ठाऊक हवं; आणि निवडीच्या नादात सगळं बीज एकाच घरचं होऊ नये, यासाठीही तेच ठाऊक हवं. हौदातली गर्दी पाहून ते कळत नाही.