पाण्यांत उभें, पण तहानेलें !

झाडाच्या मुळांशीं वीतभर पाणी सांचलें आहे, आणि झाड मात्र तहानेनें मान टाकीत आहे, असें कोणी सांगितल्यास वाचकांस ती थट्टा वाटेल. परंतु श्रावणांत झड लागली म्हणजे नागपूरकडच्या संत्र्यांच्या बागांतून हा प्रकार पाहावयास मिळतो. खापरखेडा हें नांव आज औष्णिक वीजकेंद्रामुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. पण तें गांव ज्या सावनेर तालुक्यांत वसलें आहे, तो तालुका संत्र्यांचा आणि कपाशीचा. तेथील काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगून त्याच भेगा मिटविते. मग पाणी खालीं झिरपत नाहीं आणि वारा आंत शिरत नाहीं.

मूळ म्हणजे जणूं समईंतली वात, पाणी तिच्यांतून आपोआप वर चढतें, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. मुळाच्या गाभ्याभोंवतीं एक जलरोधक पट्टा असतो. तेथें पाण्यास पेशींच्या आंतूनच जावें लागतें. पेशीचें पटल तर स्निग्ध! त्यांतून पाणी त्वरेनें जावें कसें? हें कोडें अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांनीं १९९२ सालीं मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशींत सोडविलें. पटलांत बसलेल्या एका प्रथिनांतून पाण्याचे कण एकामागून एक, एका ओळीनें, सेकंदास शंभर कोटींच्या वर जातात! या प्रथिनास अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. आपण त्यास 'जलद्वार' म्हणूं. वनस्पतींतहि तें १९९३ सालीं सांपडलें, आणि अ‍ॅग्रे यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जलद्वार पाणी ओढीत नाहीं. ओढ असते ती मुख्यतः पानांतून उडून जाणाऱ्या वाफेची. द्वार केवळ वाट देतें.

आणि द्वार म्हटलें कीं तें मिटतेंहि. २००३ सालींच फ्रान्समधील माँपेल्ये येथील संशोधकांनीं मोहरीच्या कुळांतील एका चिमुकल्या रोपावर याचें कारण दाखविलें. प्राणवायु न मिळाल्यास मुळांच्या पेशींत आम्लता वाढते आणि तिच्या योगें जलद्वारें बंद होतात. बाहेर पूर, आंत दुष्काळ! पानें कोमेजतात. तीं पाहून मालक आणखी पाणी देतो, आणि आजार बळावतो. त्यांतच फायटोफ्थोरा नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव मुळें कुजवूं लागला, म्हणजे कित्येक वर्षें लेकरांप्रमाणें वाढविलेलें कलम हातचें जातें.

यास्तव पावसाळ्यापूर्वीं उताराच्या अनुरोधानें चर खणावे, बुंध्याशीं मातीची भर द्यावी व पाण्याचें आळें बुंध्यापासून दूर ठेवावें. घरांतील गृहिणींनींहि एवढें ध्यानांत धरावें : रोज पाणी घालूनहि कुंडींतील तुळस म्लान दिसूं लागली, तर दुसरा तांब्या ओतण्यापूर्वीं माती चांचपून पाहावी व तळाचें छिद्र बुजलें नाहीं ना, तें तपासावें. मुळांस पाणी हवें, हें आपण जाणतोंच. पण तें पिण्यासाठीं त्यांस आधीं श्वास घेतां आला पाहिजे.