मोटार नसलेल्या गावाचा हिशेब

पर्यटनाने निसर्गाची हानी होते, हे आता नव्याने सांगावे लागत नाही. २०१८ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के असल्याचे मांडले होते. त्यात प्रवासाबरोबरच प्रवाशाचे खाणे, खरेदी आणि मुक्कामही धरला होता. मला कुतूहल आहे ते त्यापुढच्या प्रश्नाचे. पर्यटकाने पर्यावरणाला जपणारा पर्याय निवडावा, असे आपण म्हणतो. पण त्याने नेमके काय निवडायचे आणि त्या निवडीची किंमत कोणी मोजायची? हे तपासायला माथेरानइतके सोयीचे गाव नाही, कारण तिथे मोटार नाही.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला आणि मुंबईच्या साहेबांना उन्हाळ्यासाठी एक थंड जागा मिळाली. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचे वाहन सोडले, तर मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे जाता येत नाही. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर पायी, घोड्यावरून, छोट्या रेल्वेने किंवा रिक्षातून कापायचे.

आता हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबईहून दस्तुरीपर्यंत जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी त्यासाठी १२ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे २७-२८ किलो वायू. गाडीत दोघेच असतील तर माणशी १४ किलो.

याच्या शेजारी पाण्याचा हिशेब ठेवून पाहा. शार्लोट तलाव गावाला पुरत नाही, म्हणून खालून पंपाने पाणी वर चढवावे लागते. हजार लिटर पाणी साडेसातशे मीटर उचलायला किमान दोन युनिट वीज लागते. पंपातली तूट धरली तर तीन. पाहुण्याने दिवसाला २०० लिटर वापरले आणि ते सगळे खालूनच आले असे धरले, तरी अर्ध्या-पाऊण युनिटच्या वर वीज जात नाही. हॉटेलच्या न्हाणीघरात ‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी असते. पाण्याच्या टंचाईच्या दृष्टीने ती योग्यच आहे. मात्र त्या टॉवेलने दस्तुरीला उभ्या असलेल्या गाडीचा धूर पुसला जात नाही. माथेरानची मोटारबंदी गावाची हवा राखते, पण पर्यटकाने केलेले बहुतेक उत्सर्जन त्याआधीच, घाट चढेपर्यंत होऊन गेलेले असते.

दुसरी किंमत कार्बनमध्ये मोजता येत नाही. मोटार नाही म्हणजे ओझे नाही, असे थोडेच असते? ते कोणाच्या तरी अंगावर जाते. माथेरानमध्ये ते माणसाने ओढायच्या रिक्षांवर गेले. एक जण पुढून ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात, चढावर आणि पावसातही. आत बसलेला पर्यटक धूर न सोडता प्रवास करतो खरा. पण त्याच्या त्या प्रवासाचे इंधन म्हणजे दुसऱ्याचा दम. रिक्षा ओढणाऱ्यांनीच या कामातून सुटका मागितली आणि ई-रिक्षांसाठी न्यायालयाचे दार ठोठावले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना वाट मोकळी केली आणि डिसेंबरात त्या धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेला न शोभणाऱ्या ठरवून त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

तरीही गुंता पुरता सुटत नाही. ई-रिक्षा आली की घोडेवाल्याला आपल्या पोटाची चिंता वाटते. चाकांसाठी पक्का रस्ता हवा, तर माथेरानची ओळख तांबड्या मातीची. ती माती टापांखाली भुगा होते आणि पावसात वाहून जाते, म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत असे एक बाजू म्हणते. त्यांवर घोड्यांचे पाय घसरतात आणि डोंगराचे रूप बिघडते, असे दुसरी. न्यायालयाने मुख्य वाटेवर ब्लॉकना परवानगी दिली, आतल्या वाटांवर नाकारली. पर्यावरण आणि माणूस या दोघांनाही न्याय द्यायचा तर अशीच वाटेगणिक मर्यादा आखावी लागते.

यातून पर्यटकाने काय घ्यायचे? माझ्या मते निवडीचा क्रम उलटा लावायला हवा. आधी कसे जायचे ते ठरवावे: लोकलने नेरळ गाठले तर माणशी उत्सर्जन कित्येक पटींनी खाली येते, आणि पुढे छोटी रेल्वे किंवा सामायिक टॅक्सी आहेच. पावसाळ्यात नेरळहून छोटी रेल्वे बंद असली, तरी दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून वर फेऱ्या होतात. मग किती दिवस राहायचे ते ठरवावे. गाडीनेच जाणे भाग असेल, तर एका रात्रीवर पडणारे ते १४ किलो चार रात्रींत वाटले की रात्रीला साडेतीन होतात. शनिवार-रविवारच्या तीन धावत्या सहलींपेक्षा एक निवांत मुक्काम डोंगरालाही सोसतो आणि गावालाही अधिक देतो. टॉवेल, कापडी पिशवी, पाण्याची बाटली यांचा क्रम त्यानंतर.

आणि चौथी गोष्ट विचारायची राहू नये: माझी सोय कोणाच्या खांद्यावर चालली आहे? धूर दिसत नाही एवढ्यावर समाधान मानले, तर तो खांदाही दिसत नाही. चालता येणाऱ्याने ते तीन किलोमीटर चालावे, ज्याला चालणे शक्य नाही त्याने ई-रिक्षात बसावे, आणि सामान वाहून नेणाऱ्याला घासाघीस न करता दाम द्यावा. माथेरानने मोटार दस्तुरीला थांबवून आपल्या वाट्याचा निर्णय केव्हाच घेतला आहे. घरापासून दस्तुरीपर्यंतचा निर्णय मात्र आपल्यालाच घ्यायचा आहे.