शेतकऱ्याच्या बोलींतील पालट

आपल्या मासिकांत बी-बियाणें, खतें, जनावरांचे रोग यांविषयीं जाणत्या लोकांचे लेख नेहमीं येत असतात. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत कारकुनी करण्यांत गेलें; तेव्हां पिकांविषयीं चार गोष्टी शिकविण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. परंतु शेतकऱ्यांचे कागद आम्हीं पुष्कळ वाचले, त्यांच्या नकला केल्या, आणि कागदावरील शब्द न उमगल्यामुळें उभे राहिलेले तंटेहि पाहिले. आजोबांच्या तोंडचा रोजचा शब्द नातवाला कसा परका होतो, आणि त्यापायीं बांधावर काय घडतें, इतकेंच येथें मांडावयाचें आहे.

प्रथम विहिरीची गोष्ट सांगतों. एका गांवीं दोघां चुलतभावांत पाण्यावरून वाद पेटला होता. त्यांच्या आजोबांच्या वाटपाच्या कागदांत ‘दोन मोटांची विहीर, पैकीं एक मोट थोरल्याकडे व एक मोट धाकट्याकडे’ असा मजकूर होता. मूळ कागद मोडींत. त्याची बाळबोध नक्कल कोणीतरी करून घेतलेली. धाकट्या पातीच्या तरुणानें त्यांतील ‘मोट’ म्हणजे मोटर असा अर्थ लाविला. एक मोटर आपल्या हक्काची, मग ती किती अश्वशक्तीची बसवावी याला कागदांत कांहीं अटकाव नाहीं, असें त्याचें म्हणणें. आणि त्यानें साडेसातची बसविली. थोरल्याची होती तीनची. उन्हाळ्यांत थोरल्याचा ऊंस वाळूं लागला, तेव्हां प्रकरण हातघाईवर आलें.

आतां ‘दोन मोटांची विहीर’ याचा अर्थ काय, तो आमच्या वाचकांपैकीं साठीच्या पुढच्यांना सांगावयास नको. जिच्या झऱ्यांना एका वेळीं दोन मोटा चालविण्याइतकें पाणी आहे आणि जिच्या कांठावर दोन थारोळीं व दोन धावा आहेत ती विहीर दोन मोटांची. बैलजोडी जितकें ओढील तितकेंच पाणी वर येणार, आणि बैल दमले कीं मोट थांबणार. म्हणून एक-एक मोट म्हणजे आपोआपच निम्मेंनिम्में पाणी. मोटरीला दम लागत नाहीं. ती थांबते विहिरीचा तळ दिसल्यावर, नाहीं तर लाईट गेल्यावर. गांवांतील एका वृद्ध गृहस्थांनी हा अर्थ दोघांना समजावून दिला, तेव्हां कोठें दिवसांची पाळी लावून तडजोड झाली. ते गृहस्थ आणखी चार वर्षांपूर्वीं वारले असते तर हें प्रकरण खात्रीनें न्यायालयांत गेलें असतें.

मोट गेली आणि तिच्याबरोबर एक गोतावळा गेला. नाडा, सौंदर, कणा, थारोळें, धाव, हे शब्द आमच्या मुलाला ऐकून ठाऊक आहेत, नातवाला तेहि नाहींत. पण बोलीचा न्याय मोठा चमत्कारिक आहे. मोटेनें आणलेलें पाणी वाफ्यांत वळवितांना जे शब्द लागत ते मात्र टिकले. ‘दारें धरणें’ आणि ‘बारें देणें’ हीं विजेच्या पंपालाहि तशींच चिकटलीं. रात्रीं दोन वाजतां पंपाची लाईट येते आणि तरुण पोरगा विजेरी घेऊन ‘दारें धरायला’ निघतो. जें काम हातानें करावें लागतें त्याचा शब्द राहतो, जें यंत्रानें उचललें त्याचा जातो, असा आमचा अनुभव आहे. ठिबक सर्वत्र झाल्यावर दारेंहि जातील.

दुसरी गोष्ट आण्यांची, आणि ती अधिक नुकसानीची आहे. 1 एप्रिल 1957 पासून आपल्या देशांत दशमान नाणीं सुरू झालीं. आणे गेले, तरी पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणण्याची वहिवाट राहिली. पुढें 2011 सालीं तें नाणेंहि बंद झालें. परंतु जमिनीच्या व विहिरीच्या जुन्या कागदांत आणा म्हणजे नाणें नव्हे, तो हिस्सा आहे. पूर्ण वस्तु सोळा आणे, एका आण्याचे बारा पै, म्हणजे सगळी मालमत्ता 192 पै. हा हिशेब आमच्या पूर्वजांनीं कां धरिला, तें तिघां भावांची वाटणी करूं गेल्यास कळतें. 192 ला तिहींनीं भागतां येतें. प्रत्येकास 5 आणे 4 पै, कोणाचें कांहीं बुडत नाहीं. सहा वाटेकऱ्यांस 2 आणे 8 पै. शंभर पैशांचे तीन सारखे वाटे करून पाहावे. शेवटीं एक पैसा कोणाच्या पदरांत टाकावा याची पंचाईत पडते.

आतांच्या मुलांना हें माहीत नसल्यामुळें ते ‘5 आणे 4 पै’ हें यंत्रावर 5.4 असें उतरून घेतात. तिघांचे मिळून 16.2 आणे होतात, आणि मग सोळा आण्यांच्या विहिरींत हे वरचे दोन दशांश कोठून आले म्हणून एकमेकांकडे संशयानें पाहूं लागतात. असाच घोटाळा एकर-गुंठ्यांचा. जुन्या खरेदीखतांत ‘2-20’ लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. तें ‘2.20 एकर’ असें वाचलें कीं हातीं दोन एकर आठच गुंठे राहिले. बारा गुंठे नुसत्या एका टिंबानें गेले! शहराजवळच्या गांवीं बारा गुंठ्यांची किंमत काय होते तें वाचकांनीं मनाशीं करावें.

सात-बाराच्या उताऱ्यावर आतां क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें, तरी बोलतांना लोक गुंठेच बोलतात. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, 1089 चौरस फूट. आर म्हणजे शंभर चौरस मीटर. दोहोंत अंतर फार थोडें, गुंठा सव्वा चौरस मीटरच्या आंतच मोठा. म्हणून ‘आर म्हणजेच गुंठा’ असें सर्रास धरलें जातें. घरगुती बोलण्यांत त्यानें बिघडत नाहीं. परंतु एकराचा सौदा करून कागदावर 40 आर लिहून घेणारा माणूस सुमारें पांचशें चौरस फूट सोडून देत असतो, कारण एकर म्हणजे 40.47 आर. पांचशें फुटांत एक लहानसें घर उभें राहतें.

त्याच्याहि मागें गेलें तर बिघे, पांड आणि चाहूर लागतात. पांच हात पांच मुठी म्हणजे काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशें वीस बिघ्यांचा चाहूर. हें कोष्टक आजच्या व्यवहारांतून पार गेलें आहे, आणि जुनी इनामपत्रें चाळणाऱ्यावांचून कोणाचें त्यावांचून अडतहि नाहीं.

पिढीप्रमाणेंच प्रांताचाहि फरक आहे, तो थोडक्यांत सांगतों. पश्चिम महाराष्ट्रांत जें ‘रान’ तें वऱ्हाडांत ‘वावर’. आमच्याकडचा कुळव तिकडे वखर होतो, कोळपें डवरा होतें, पाभर तिफण होते. देशावरचा हुलगा कोंकणांत कुळीथ होतो. शेती करणारा आमच्याकडे शेतकरी, विदर्भांत कास्तकार. यांत नवल नाहीं. विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता, मराठवाडा हैदराबाद संस्थानांत होता. 1956 पर्यंत दप्तरें निरनिराळीं, म्हणून दप्तरी शब्दहि निरनिराळे. लग्नसंबंध आतां दूरवर होऊं लागल्यानें एकाच घरांत सासू रानांत जाते आणि सून वावरांत जाते, व दोघी एकाच बांधावर खुरपतात.

तरुण मंडळीच्या बोलण्याविषयीं वडीलधाऱ्यांची नेहमीं तक्रार असते कीं हीं मुलें भलतेंच बोलतात. आम्हांस ती सर्वस्वीं मान्य नाहीं. त्यांचे कित्येक उडाणटप्पू वाटणारे शब्द आपल्याच घरचे आहेत. ‘लई भारी’ म्हणतांना त्यांना ठाऊक नसेल, पण हलकी, मध्यम, भारी ही जमिनीची प्रतवारी आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों. ‘वांधे झाले’ असें तीं अडचणीला म्हणतात. आमच्या दप्तरांत वांधा म्हणजे हरकत किंवा मालकीचा वाद. मारामारीला तीं ‘राडा’ म्हणतात. आमच्या भागांत भिंतीसाठीं तुडविलेल्या चिखलाला राडा म्हणत, आणि हल्लींच्या निवडणुका पाहतां दोन्ही अर्थांत फारसें अंतर उरलेलें नाहीं.

नक्षत्रांचेंहि असेंच. आमच्या आजीला पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ म्हणून ठाऊक होता. आजचा मुलगा पाऊस भ्रमणध्वनीवर पाहतो आणि जुलै-ऑगस्ट अशीं नांवें घेतो. पण त्याच मुलाला डाळिंबाचें विचारा. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार हें तो अस्खलित सांगेल. पावसाचें नक्षत्र विसरला, बागेचें धरून बसला, कारण पैसा तेथें आहे.

कांहीं शब्द गेले याचें मात्र आम्हांस तिळमात्र वाईट वाटत नाहीं. वेठ आणि बिगार हे शब्द आतां ‘वेठीस धरणें’ एवढ्या म्हणण्यापुरते उरले, हें चांगलेंच झालें. गांवकामगारांचीं कनिष्ठ वतनें 1958 च्या कायद्यानें गेलीं. त्यांच्याबरोबर जातीवरून हांक मारण्याची कित्येक नांवें दप्तरांतून उतरलीं. वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनें 2020 सालीं घेतला. जुन्या शब्दांचें ममत्व धरणाऱ्यांनीं हीं नांवें ज्याला ऐकावीं लागत त्याच्या जागीं क्षणभर उभें राहावें. 1948 च्या कुळकायद्यानंतर ‘कूळ’ शब्दाची मान कशी ताठ झाली तेंहि आठवावें. पूर्वीं तो खालच्या मानेनें उच्चारला जाई.

नव्या शब्दांकडे वळतों. द्राक्षबागेला व टोमॅटोच्या शेताला तरुण शेतकरी ‘प्लॉट’ म्हणतो. नांगरणी-कुळवणीच्या जागीं ‘रोटर मारणें’ आलें. हें सर्व ठीक आहे. आमची हरकत एकाच नव्या शब्दाला, आणि ती अर्थाच्या ढिलेपणाबद्दल आहे. तो शब्द ‘पंप’. औषध फवारतांना ‘एका पंपाला इतकें’ असें माप सांगितलें जातें. मजुरीहि पंपावर ठरते. पण पाठीवरचा पंप कोणाचा पंधरा लिटरचा, कोणाचा सोळाचा, बॅटरीवरचा वीसाचाहि असतो. वीसाच्या पंपाचें प्रमाण पंधराच्या पंपांत घातलें तर औषध तिसऱ्या हिश्श्यानें जादा होतें आणि पानें करपतात. त्यांतहि मिलिलिटर न मोजतां ‘दोन टोपणें टाक’ असें सांगणारे आहेत. बाटली बदलली कीं टोपण बदलतें. आमच्या आजोबांची पायली अशीच होती. चार शेरांची म्हणावयाची, पण या गांवची व त्या गांवची भरतांना सारखी निघत नसे, आणि व्यापाऱ्याची घ्यावयाची निराळी, द्यावयाची निराळी. 1956 चा वजन-मापांचा कायदा झाला तो याच कारणासाठीं. पायली दाराबाहेर घालवून आपण पंप व टोपण घरांत घेतलें. डब्यावर प्रमाण लिटरला किंवा एकराला दिलेलें असतें, तेंच धरावें. आणि आपल्या पंपांत किती लिटर मावतात तें एकदां बादलीनें मोजून पंपावर रंगानें लिहून ठेवावें.

सरकारी शब्दहि पालटत आहेत. आणेवारीची पैसेवारी होऊन बराच काळ लोटला, तरी चावडीवर अजून आणेवारीच ऐकूं येते. तलाठ्याला 2024 सालापासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ हें नांव मिळालें. लोक त्याला आणखी दोन पिढ्या तलाठीच म्हणतील असा आमचा अदमास आहे. पिकांची नोंद शेतकऱ्यानें स्वतः भ्रमणध्वनीवरून करण्याची ई-पीक पाहणी 2021 सालीं सुरू झाली. तेथें यादींत ज्या नांवानें पीक असेल त्याच नांवानें तें शोधावें लागतें; म्हणून घरांतील मुलानें कारळें व खुरासणी हीं एकाच पिकाचीं नांवें हें जाणलें पाहिजे.

ज्या घरांत जुनीं वाटपपत्रें, खरेदीखतें किंवा विहिरीचे करार आहेत, त्यांनीं तीं यंदाच्या उन्हाळ्यांत बाहेर काढावीं. घरांतील किंवा गांवांतील सर्वांत वृद्ध माणसाला शेजारीं बसवून न कळणारा प्रत्येक शब्द विचारावा आणि त्याचा अर्थ, सांगणाराचें नांव व तारीख घालून, निराळ्या कागदावर लिहावा. मूळ कागदावर कांहीं लिहूं नये. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी कोशांत यांतले पुष्कळ शब्द सांपडतात, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गांव-गाडा’ पुस्तकांतहि गांवकीचे शब्द विपुल आहेत. परंतु ‘आमच्या विहिरीवर बारें उगवतीपासून धरावयाचें कीं चूल पेटल्यापासून’ हें कोणत्याहि कोशांत मिळणार नाहीं, तें त्या वृद्धालाच ठाऊक. पाभरीमागें बांधून दुसरें बीं ज्या नळीनें पेरीत तिला आमच्याकडे सरतें म्हणतात. इतर तालुक्यांतील वाचकांकडे तिला काय म्हणत, तें त्यांनीं संपादकांकडे लिहून पाठवावें.