मुलाची आस आणि मुखत्यारपत्र

रास्पुतिन रशियाच्या राजवाड्यात शिरला तो राजपुत्राच्या दुखण्यातून. बंगळुरूच्या रिचमंड रोडवरच्या बंगल्यात मुरली मनोहर मिश्रा ऊर्फ स्वामी श्रद्धानंद शिरला तो मुलगा व्हावा या आशेतून.

शाकेरे खलीली या सर मिर्झा इस्माईल यांच्या नात. १९२६ ते १९४१ म्हैसूर संस्थानचं दिवाणपद सांभाळलेल्या माणसाचं हे घराणं. पती अकबर खलीली परराष्ट्र सेवेत, चार मुली, शहरात मोठी मालमत्ता. १९८३ साली दिल्लीत रामपूरच्या नवाब घराण्याकडे त्यांची मिश्राशी ओळख झाली. तिथे तो जमीनजुमल्याची कामं पाहायचा. नवाबांच्या घरातला माणूस म्हटल्यावर त्याची चौकशी कोण करणार?

आपल्या सिद्धीने मुलगा होईल, असा भरवसा त्याने दिला आणि मालमत्तेचे गुंतेही सोडवू लागला. मला ही दुसरी गोष्टच जास्त घातक वाटते. नुसत्या अंगाऱ्याधुपाऱ्याला शिकलेलं घर कदाचित हसलं असतं. कचेरीतली कामं करून देणाऱ्यावर मात्र विश्वास बसत गेला. १९८५ मध्ये घटस्फोट झाला, १९८६ मध्ये मिश्राशी लग्न. नातेवाईक दुरावले. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, बँकेची खाती, लॉकर, सगळ्यांत त्याचा हात पोचला.

मे १९९१च्या अखेरीस शाकेरे दिसेनाशा झाल्या. चौघींपैकी एका मुलीने विचारलं की मिश्रा दर वेळी नवं ठिकाण सांगे. न्यूयॉर्कच्या इस्पितळात आहेत म्हणाला. तिने तिथे चौकशी केली, तर अशी रुग्णच नव्हती. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती गेली की ते पत्रही संपतं. त्यामुळे शाकेरे हयात असल्याचं भासवणं त्याला भागच होतं. त्याच कागदावर तो त्यांच्या मिळकती विकत राहिला.

जून १९९२ मध्ये मुलीने अशोकनगर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पुढे जवळजवळ दोन वर्षं गेली. ३० मार्च १९९४ रोजी रिचमंड रोडवरच्या त्याच बंगल्याच्या आवारात खोदल्यावर पुरलेल्या लाकडी पेटीत शाकेरे यांचा सांगाडा मिळाला.

२००५ मध्ये सत्र न्यायालयाने खुनाबद्दल मिश्राला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २२ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी मरेपर्यंत, सुटकेची सवलत नसलेली जन्मठेप दिली. असा मधला मार्ग न्यायालयाला घेता येतो, यावर २०१५ साली घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं. आज देशभरच्या खटल्यांत वकील २००८च्या या निकालाचा आधार घेतात. आई कुठे आहे, हे मुलगी विचारत राहिली नसती, तर हा खटला उभाच राहिला नसता.